बोळातली हायटॉप : कराडच्या एका घराचं प्रकरण

अकरा माणसांना एकत्र बसून जाता येईल अशी गाडी कारच्या शोरूममध्ये मिळत नाही. आठ-नऊ सीटांवर तिथली यादी संपते. त्यापुढच्या उंच छपराच्या व्हॅन, म्हणजे हायटॉप, सगळ्या व्यापारी गाड्यांच्या शोरूममध्ये, आणि तिथला सेल्समन पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या रूटला लावणार?"

माझ्या सासुरवाडीच्या मंडळींना २०२३ मध्ये हा प्रश्न विचारला गेला. "कुठल्याच नाही, घरी वापरायचीय," म्हटल्यावर सेल्समनने आधी माझ्या थोरल्या मेहुण्याकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की आम्ही कर्ज बुडवायलाच आलोय. गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली असल्यामुळे 'दाजींना घेऊन जा' असं ठरलं होतं. पण या प्रकरणात माझं काम सल्ल्यापेक्षा बघ्याचंच जास्त होतं, आणि बघण्यासारखं बरंच होतं.

घर कराडच्या जुन्या पेठेत. आजेसासूबाई ब्याऐंशीच्या. सासरे, सासूबाई, दोन मेहुणे, त्यांच्या बायका, चार पोरं. मलकापूरच्या बाजूला खतं-बियाण्यांचं दुकान आणि शाळाही तिकडेच. घरात एक जुनी बोलेरो आणि एक वॅगन-आर. कुलदैवत जोतिबा, दर वर्षी पालीच्या खंडोबाला जाणं, आणि सासूबाईंचं माहेर चिपळूणला, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला. आजींचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं आणि पुण्याच्या वाऱ्या सुरू झाल्या, तिथून हायटॉपचा विषय निघाला.

दोन गाड्यांत अडचण जागेची नव्हती. आजींसोबत सासूबाई हव्यात, पण औषधांची पिशवी दुसऱ्या गाडीत. पोरांपैकी एकाला उलटी झाली की दोन्ही गाड्या थांबणार, आणि एक आनेवाडीच्या टोलनाक्याआधी आणि दुसरी नंतर, अशा थांबणार. पुण्याला जाऊन-येऊन साधारण सव्वातीनशे किलोमीटर. बोलेरोला पंचवीस लिटर डिझेल, वॅगन-आरला एकोणीस-वीस लिटर पेट्रोल, म्हणजे सव्वाचार हजार रुपये इंधनातच. वर तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे तीन नाके, जाताना-येताना, दोन्ही गाड्यांचे. शिवाय दोन ड्रायव्हर, म्हणजे दोन्ही मेहुणे दिवसभर अडकले आणि दुकान बंद.

इनोव्हाचा विचार झालाच. पश्चिम महाराष्ट्रात तो आधी होतो, बाकीचे नंतर. पण इनोव्हा घेतली तरी अकरा माणसं मावत नाहीत, म्हणजे दुसरी गाडी काढावीच लागणार. आणि आजींना मधल्या रांगेत बसवताना जे होत होतं ते तिथेही तसंच होणार होतं.

नेमकं काय होत होतं? खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कारमध्ये बसवताना तीन हालचाली एकाच वेळी कराव्या लागतात. कंबरेतून वाकायचं, मान खाली घालायची आणि त्याच क्षणी अंग वळवून बूड सीटवर टेकवायचं. नेमकं हेच डॉक्टरांनी नको सांगितलेलं असतं. बोलेरोत पायरी उंच आणि दार अरुंद, म्हणून एक मेहुणा खालून उचलणार आणि दुसरा पलीकडून ओढणार. आजींना दुखण्यापेक्षा या ओढाओढीचाच राग जास्त. "मी काय पोतं हाय का?" हे वाक्य त्या घरात आता म्हणीसारखं वापरतात.

हायटॉपमध्ये ही गाठ सुटते. सरकतं दार रुंद आणि उंच असतं, आत मधोमध वाट असते आणि छप्पर इतकं वर की साडेपाच फुटी माणूस ताठ उभा राहतो. आजी उभ्याने चढतात, उभ्याने दोन पावलं चालतात, सीटसमोर पाठ करतात आणि घरातल्या खुर्चीवर बसावं तशा बसतात. वाकणं नाही, वळणं नाही. उंच छपराला लोक नावं ठेवतात, पण मंडळींनी पैसे मोजले ते त्या छपरासाठीच. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचे तोटे कुठल्या खात्यात मांडायचे ते कळतं.

निवड शेवटी टाटा विंगर आणि फोर्स ट्रॅव्हलर यांच्यात आली. ट्रॅव्हलर आपल्याकडची जुनी. बजाज टेम्पोने (फोर्सचं जुनं नाव) ती १९८७ मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवरून आणली, आणि मॅटाडोरनंतर लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी म्हणजे हीच, असं समीकरण झालं. विंगर २००७ ची, रेनॉच्या ट्रॅफिक या व्हॅनवर बेतलेली. दोघींमध्ये एक फरक आमच्या कामाचा होता. विंगरचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा खालून जात नाही, म्हणून आतली जमीन थोडी खाली ठेवता येते, आणि ऐंशी वर्षांच्या पायाला दोन-चार इंचही पुष्कळ असतात. याचा तोटाही आहे. गाडी मागे भरलेली असेल आणि ओल्या मातीचा चढ असेल तर पुढची चाकं जागेवर फिरतात. जोतिबाच्या डोंगरावर पक्का रस्ता आहे, पण शेताच्या वाटेवर पावसाळ्यात ही गाडी न्यायची नाही, असं पहिल्याच जूनमध्ये ठरून गेलं. तिकडे बोलेरोच.

बारा अधिक ड्रायव्हर अशी विंगर घ्यायची ठरली. किंमत इनोव्हा क्रिस्टाच्या बरीच खाली. पण पैसे भरायच्या आधी धाकट्या मेहुण्याच्या बायकोने एक गोष्ट केली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा अर्धा तास तोच.

गाडीची उंची अडीच मीटरच्या जवळपास. तिने दुकानातून एक वेळू आणला, टेपने मोजून २ मीटर ६० सेंटिमीटरवर कापला, वरच्या टोकाला आडवी पट्टी बांधली आणि पोरांना घेऊन हमरस्त्यापासून घरापर्यंत काठी उभी धरून चालत आली. पट्टी तीन ठिकाणी अडली. पहिल्यांदा लोंबकळणाऱ्या केबलला. दुसऱ्यांदा शेजारच्यांच्या पत्र्याच्या पन्हळीला, जी बोळात वीतभर बाहेर आलेली. तिसऱ्यांदा मारुतीच्या देवळापुढच्या लोखंडी कमानीला, तेही कडेने गेलं तर, मधून मोकळं होतं. केबलवाल्याला सांगून तार वर घेतली. पन्हळीचं काम दोन चहांत झालं. कमान देवाची, तिला कोण हात लावणार, म्हणून तिथे गाडी मधोमधच घ्यायची. त्यात रुंदीचा प्रश्न आपोआप पुढे आला. गाडीची रुंदी १.९ मीटर, त्यावर दोन्हीकडचे आरसे. समोरून रिक्षा आली तर कोणीतरी मागे जायचं, आणि पाच-साडेपाच मीटरची गाडी मागे घेण्यापेक्षा रिक्षा मागे गेलेली बरी. बहुतेक रिक्षावाल्यांना हे पटतं.

लोक गाडी घेताना घाट चढते का विचारतात. घाट चढतेच. हायटॉपची परीक्षा घरापासून हमरस्त्यापर्यंतच्या पहिल्या पाचशे मीटरात असते, कारण घाटात कधीतरी जायचं, आणि बोळातून आजींना न्यायच्या प्रत्येक खेपेला. वाड्याच्या दिंडीदरवाजातून गाडी आत जाणं शक्यच नव्हतं. ती दुकानाच्या प्लॉटवर उभी राहते आणि आजींना न्यायचं असेल तेव्हाच दारात येते. गणपतीत मांडव पडले की दहा-बारा दिवस तेही बंद, तेव्हा आजी रिक्षाने प्लॉटपर्यंत जातात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हेच गणित बेसमेंटच्या तोंडाशी मांडावं. तिथल्या पाटीवर २.१ किंवा २.२ मीटर लिहिलेलं असेल तर विषय तिथेच संपला. मॉलच्या पार्किंगला तर ही गाडी जवळजवळ कायमची मुकते. पुण्याच्या दवाखान्यातही तळघर होतं. वॉचमनने आडवी नळी दाखवली आणि गाडी रुग्णवाहिकेच्या शेजारी लावू दिली. आत बसलेल्या आजी बघून त्याने तो निर्णय घेतला असावा.

आता कागदपत्रं. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण चौकशी करणारे नव्वद टक्के लोक इथेच घाबरून मागे फिरतात.

पहिला समज असा की एवढी मोठी गाडी खासगी नावावर होतच नाही, पिवळी पाटीच लागते. तसं नाही. मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या गाडीला ओम्नीबस म्हणतात, आणि आरटीओच्या नोंदीत खासगी वापराची ओम्नीबस असा वेगळा वर्ग आहे. पांढरी पाटी मिळते, नोंदणी कारसारखी पंधरा वर्षांची होते. पिवळ्या पाटीला पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि मग दर वर्षी फिटनेस, वर परमिट. ते काही यात येत नाही. फक्त फॉर्म भरणाऱ्याने वर्ग नीट निवडला पाहिजे. आमच्या डीलरकडच्या मुलाने हातसवयीने व्यापारी वर्ग टाकला होता. थोरल्या मेहुण्याने सही करण्याआधी वाचलं म्हणून बचावलो.

घराचं दुकान असल्यामुळे आणखी एक फाटा होता. हीच गाडी दुकानाच्या माणसांची ने-आण करायला नेहमी वापरली, तर भाडं न घेताही ती खासगी सेवा वाहन या वेगळ्या गटात जाते. सासऱ्यांच्या डोक्यात 'रिकामीच उभी असते तर' असा विचार आलेला होता. शेतकरी मेळाव्याला माणसं न्यायची, कधी चार पोती टाकायची. पोत्यांना सासूबाईंनी नकार दिला तो कायद्यामुळे नाही. युरियाचा वास सीटच्या कापडात बसला की आजी मळमळतात. कारण कुठलंही असो, निर्णय योग्य झाला.

दुसरा समज लायसन्सचा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला हलकं मोटार वाहन, म्हणजे एलएमव्हीचं लायसन्स चालतं, आणि ही गाडी वजनाने त्याच्या निम्म्याच्या आसपास. प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या हलक्या गाडीला वेगळा शेरा लागतो का, हा वाद विमा कंपन्या बरीच वर्षं लढवत होत्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने लागत नाही असं सांगून तो मिटवला. खासगी गाडीचा तर त्या वादाशी संबंधही नव्हता. तरीही धाकट्या मेहुण्याची बायको चालवत असली की नाक्यावरचा हवालदार हमखास हात करतो. "ताई, हेवीचं लायसन्स आहे का?" ती आता कागद न काढता आधी आकडा सांगते, साडेसात हजार किलो. मग तो कागद मागतो.

तिसरा मुद्दा सीटांच्या संख्येचा. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या शुल्क नियमांत कार-जीप-व्हॅनचा गट ड्रायव्हर सोडून बारा प्रवाशांपर्यंत आहे. तेरापासून बत्तीसपर्यंत मिनीबस. मूळ दरच कारला किलोमीटरमागे ६५ पैसे आणि मिनीबसला १ रुपया ५ पैसे असे ठरलेले, म्हणजे एका जादा सीटपायी टोल दीडपटीच्या वर जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या दरपत्रकातही जवळपास तेवढंच अंतर दिसतं. एप्रिल २०२३ मध्ये कारला ३२० आणि मिनीबसला ४९५ रुपये झाले होते. कुटुंबाने बारा अधिक एक घेतली तेव्हा हा हिशोब कोणाच्या डोक्यात नव्हता, अकरा माणसं आणि एखादा पाहुणा एवढाच विचार होता. पण फास्टॅग आला तो मिनीबसच्या वर्गाचा. बँकेने मॉडेलचं नाव बघून वर्ग टाकला होता. आरसीची प्रत, त्यातली आसनसंख्या, तक्रार, पुन्हा तक्रार, यात दीड महिना गेला आणि तेवढ्या काळात जादा कापलेले सगळे पैसे काही परत आले नाहीत. गाडी घरी येण्याआधीच फास्टॅगचा वर्ग तपासून घ्यावा.

आज कोणी नवी गाडी घेत असेल तर हिशोबात आणखी एक आकडा येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रायव्हर धरून दहा किंवा जास्त माणसांच्या गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, आणि मोठ्या एमयूव्ही, म्हणजे इनोव्हासारख्या गाड्या, ४० टक्क्यांच्या गटात आहेत. म्हणजे एका बाजूने दहाची अट आणि दुसऱ्या बाजूने टोलची बाराची. नऊ अधिक एक ते बारा अधिक एक, या पट्ट्यातली गाडी घरच्या वापराला सगळ्यात सोयीची पडते. हायटॉप घ्यायची म्हणून सतरा सीटांवर उडी मारणाऱ्यांना मी हाच पट्टा दाखवतो.

सीट काढण्याबद्दलही विचारणा होते. व्हीलचेअर ठेवायला दारापाशीची एक सीट काढून टाकावी असा बेत होता, आणि गॅरेजवाला तर पाना घेऊन तयार होता. पण कंपनीने दिलेल्या रचनेत स्वतःहून बदल करायला कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आरसीवरची आसनसंख्या आणि प्रत्यक्षातली सीट जुळत नाही, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला हातात आयतं कोलीत. शेवटी घडीची व्हीलचेअर शेवटच्या रांगेमागे दोन पट्ट्यांनी बांधून ठेवायची ठरली. उताराची फळीही बाद झाली. गाडीची जमीन रस्त्यापासून दोन फूट धरली तरी ढकलता येईल असा उतार द्यायला आठ-दहा फुटांची फळी लागते. ती ठेवायची कुठे आणि बोळात टाकायची कशी?

फॅब्रिकेशनवाल्याकडून एक सुटी पायरी करून घेतली. वर खडबडीत चेकर्ड पत्रा, खाली चार रबरी बूट, एका बाजूला उभा दांडा. दाराच्या आत धरायला कंपनीचं हँडल होतंच. आजींचं चढणं बघण्यासारखं असतं. उजवा हात दांड्यावर, डावा नातसुनेच्या खांद्यावर, आधी चांगला पाय पायरीवर, मग दुखरा त्याच्या शेजारी. एक श्वास. परत चांगला पाय गाडीत. उतरताना उलट, दुखरा आधी. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला हा क्रम धाकट्या नातवाला इतका पाठ झालाय की तो खालून "चांगला! वाईट! चांगला!" असं ओरडत असतो, आणि येणारे-जाणारे थांबून बघतात. ओढाओढ मात्र संपली.

रोजच्या वापरात काय झालं ते आता. पहिले काही आठवडे सगळ्यांनी हौसेने प्रत्येक कामाला हायटॉपच काढली. शाळा, भाजी, बँक. गावात ती लिटरला आठच्या आसपास देते, महामार्गावर अकरा. शाळेच्या चार किलोमीटरला थंड इंजिन तापायच्या आत प्रवास संपतो. बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण-निकषांच्या डिझेल गाडीतल्या धुराच्या फिल्टरला असं आखूड चालणं मानवत नाही. त्यातली काजळी जाळायला गाडी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग वेगात चालावी लागते. डॅशबोर्डवर दिवा लागला, वर्कशॉपला खेप झाली, आणि तेव्हापासून शाळा वॅगन-आरकडे. बोलेरो विकायचा विचार होता, पण शेतामुळे ती राहिली. म्हणजे 'एकच गाडी' हे मूळ स्वप्न काही खरं झालं नाही. लांबच्या रस्त्याला एक गाडी, एवढं मात्र झालं. पुण्याला आता तीस लिटर डिझेल लागतं, सत्तावीसशेच्या आसपास, टोल एकाच गाडीचा, आणि एक मेहुणा दुकानात. माझ्या मते हायटॉप ही घरातली दुसरी गाडी म्हणूनच शोभते. ती एकटीच ठेवली तर रोजच्या फुटकळ कामांत ती आणि तिचा मालक दोघंही कावतात.

आतल्या जागांचा क्रम बसायलाही वेळ गेला. पोरांनी शेवटची रांग धरली होती, कारण तिथून मागच्या गाड्यांना हात करता येतात. पण ती रांग मागच्या चाकांच्याही मागे. कुंभार्लीच्या वळणांवर तिथला माणूस बाकीच्यांपेक्षा जास्त फेकला जातो आणि खड्ड्यात जास्त उडतो. हेळवाकच्या पुढे पहिल्याच वेळी दोघांनी पिशव्या भरल्या. आता ज्यांना गाडी लागते ते मधल्या रांगेत, आजी दारासमोरच्या एकेरी सीटवर, आणि मागे सामान किंवा धाकटा मेहुणा, ज्याला कुठेही झोप लागते. एसीबद्दल तक्रार एवढीच, की एवढी पोकळी गार व्हायला उन्हाळ्यात वेळ लागतो. निघण्याआधी दहा मिनिटं चालू ठेवावा लागतो. गाडी पांढरी घेतली ते बरं झालं.

वारा हा कारवाल्यांना नवा अनुभव. उंच, सपाट बाजूवर मोकळ्या माळावर आडवा वारा आला किंवा शेजारून भरधाव बस गेली की गाडी हलकीशी सरकते. स्टीअरिंग घट्ट धरून ८० च्या आसपास चाललं तर काही नाही. शंभरीचा हट्ट धरला तर आतल्यांचा जीव वर-खाली होतो. टायरमधली हवाही बघावी. हे टायर भार वाहणारे असतात, कारपेक्षा त्यांना बरीच जास्त हवा लागते, आणि पंक्चरवाला मीटर न बघता सवयीने कारची हवा भरतो. दारावरच्या पट्टीवर आकडा असतो, तो त्याला दाखवायचा.

सुरक्षिततेबद्दल मात्र माझं समाधान झालेलं नाही, आणि ते मी तिथेही बोललो आहे. ड्रायव्हर सोडून आठ सीटांपर्यंतच्या गाड्या एम-१ गटात येतात. त्यांना पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या, आणि ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली भारत एनकॅपची धडक चाचणीही त्यांच्यासाठीच. नवव्या सीटपासून एम-२ गट सुरू होतो आणि या दोन्ही गोष्टी मागे राहतात. ज्या गाडीत घरची अकराच्या अकरा माणसं बसणार, तिला धडक चाचणीचे तारे नाहीत, आणि जिच्यातून बहुतेक वेळा दोघंच जातात त्या हॅचबॅकला मिळू शकतात. यात घरच्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं. प्रत्येकाने पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नाही, मधल्या वाटेत पोरांनी उभं राहायचं नाही. हा दुसरा नियम पाळणं फार अवघड, कारण उभं राहता येतं हेच तर या गाडीचं कौतुक. लहान मुलाची वेगळी सीट पक्की बसवायला कारमध्ये असतात तसे हूक इथे नाहीत. घरात तान्हं मूल असतं तर मी या गाडीला नको म्हटलं असतं.

समाजाने गाडीचं काय केलं तो वेगळाच भाग. पांढरी, उंच, बारा सीटांची गाडी म्हणजे वडाप, माणशी भाडं घेणारी गाडी, हे आपल्याकडे डोळ्यांत बसलंय. उंब्रजच्या फाट्यावर लोक हात करतात, थांबली नाही तर शिव्या देतात. एकदा सिग्नलला एक म्हातारे गृहस्थ दार सरकवून आत येऊन बसले आणि "साताऱ्याला किती?" म्हणाले. आजींनी त्यांना आधी बसू दिलं, गाव विचारलं, ओळख काढली, आणि मग सांगितलं की गाडी घरची आहे. साताऱ्यापर्यंत त्यांना फुकट नेलं गेलं, वर भडंगही दिला.

मागणाऱ्यांचा त्रास याहून मोठा. साखरपुडा, बारशी, पंढरीची वारी, गावाकडच्या पोरांची क्रिकेट मॅच. कारला कोणी असं मागत नाही, हायटॉपला मागतात, कारण ती मनाने सार्वजनिकच धरली जाते. वर "डिझेलचं बघू आम्ही" अशी तयारी दाखवतात. पैसे घेतले की परमिटविना भाडं झालं, दंड झाला आणि विमाही गेला. नाही म्हटलं तर पै-पाहुण्यांत तोंड वाकडी. पेठेतल्या दोन घरांनी आपली पोरं शाळेत सोडायचे महिन्याला ठरावीक पैसे देऊ केले, त्यांना तर थेट नकार द्यावा लागला. शाळेच्या पोरांच्या वाहतुकीला राज्याचे २०११ चे वेगळे नियम आहेत, पांढऱ्या पाटीचा तिथे प्रश्नच येत नाही. सासऱ्यांनी शेवटी एक वाक्य ठरवून टाकलं. गाडी मिळेल, पण चालवणार घरचंच माणूस, आणि डिझेलचे पैसे घेणार नाही. घरचं माणूस मोकळं नसतंच, त्यामुळे मागणी निम्म्यावर आली. लग्नाच्या हंगामात मात्र हे वाक्य चालत नाही, आणि नवरदेवाच्या गाडीमागची विंगर बहुतेक वेळा आमचीच असते.

यंदा साताऱ्याच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने गाडी विकत मागितली. त्याने सांगितलेला भाव त्याच वर्षीच्या पिवळ्या पाटीच्या विंगरपेक्षा बराच कमी होता. पांढऱ्याची पिवळी करायला वर्ग बदलायचा, फिटनेस काढायचा, परमिट घ्यायचं, आणि तेवढे दिवस गाडी उभी, हे त्याचं म्हणणं. त्यात चूक काही नाही. खासगी गिऱ्हाईक शोधायचं तर अकरा माणसांचं दुसरं घर शोधायला हवं. थोरला मेहुणा विचारात पडला होता. आजींनी आतून विचारलं, "पायरी पण द्यायची का त्याला?" विषय पुढच्या दिवाळीपर्यंत ढकलला आहे.